दोघींची मिळून एक शिक्षा

ती घटना विसरता आली असती, तर मी केव्हाच विसरलो असतो. नोकरीत खून पाहिले, जाळपोळ पाहिली, दंगलीत रस्त्यावर पडलेली माणसं उचलली. त्यातलं बरंचसं आता पुसट झालंय. ही केस पुसट होत नाही, कारण ही केस आम्ही जिंकली होती. आरोपी सापडला, पुरावा सापडला, शिक्षाही झाली. आणि ज्या दोन बायकांसाठी हे सगळं केलं, त्यांच्या पदरात शेवटी काहीच पडलं नाही.

आधीच सांगतो, माझं लिहिणं गोड नाही. पोलिसात भरती होण्याआधी मी गिरण्यांच्या गेटवर वाटायची पत्रकं लिहायचो. एका पानात मुद्दा संपला पाहिजे आणि वाचणाऱ्याला राग आला पाहिजे, एवढंच मला शिकवलं होतं. ती सवय वर्दीतही गेली नाही, वर्दी उतरवल्यावरही गेली नाही. नावं मात्र कोणाचीच घेणार नाही. या दोघी एकमेकींच्या जावा. म्हणून एकीला थोरली म्हणतो, दुसरीला धाकटी.

गिरण्यांचा संप होऊन दोन-तीन वर्षं उलटली होती. तो संपला असं कोणी येऊन सांगितलं नाही, पण गेलेली माणसं कामावर परत गेली नाहीत. लालबागच्या एका चाळीत या दोघी राहायच्या. त्यांचे नवरे गिरणीतून बाहेर पडले ते थेट मालवणकडच्या गावी, तिथं नाचणी पेरायला. बायकांनी खोली सोडली नाही. थोरली पूर्वी स्वतः गिरणीत होती, वायंडिंग खात्यात, म्हणजे जिथं सूत गुंडाळलं जातं तिथं. आता दोघी मिळून घरातच खानावळ चालवायच्या. धाकटीला एक मुलगी, नुकती शाळेत जायला लागलेली.

चाळमालकाला चाळ रिकामी हवी होती. त्यासाठी त्याने एक माणूस ठेवला होता, तो समोरच्याच चाळीत राहायचा. हाही गिरणीतलाच, साचेखात्यातला विणकर. संपात त्याने आधी घरातली भांडी विकली, मग दादागिरी विकायला काढली. भाडेकरूंना दम देऊन खोल्या सोडायला लावायच्या, हे त्याचं काम. बऱ्याच जणांनी निमूट सोडल्या. थोरली मात्र नळावर सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली होती, "खोली माझ्या सासऱ्यान घेतलेली. मी हयसून जाईन ती तिरडीवरूनच."

ते त्याने ऐकलं.

दुपारची वेळ होती. खानावळीची जेवणं आटोपली होती आणि थोरली चौकातल्या नळावर भांडी घासत होती. तोंडाला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस आला आणि त्याने ॲसिडची बाटली तिच्या चेहऱ्यावर ओतली. बाटली फरशीवर टाकली, ती फुटली. किंकाळी ऐकून धाकटी पाण्याची कळशी घेऊन धावली. तो माणूस पळून गेला नाही. थांबला. धाकटी जावेच्या तोंडावर पाणी ओतायला वाकली, तेव्हा त्याने पिशवीतून दुसरी बाटली काढली, उघडली आणि तिच्या मानेवर ओतली. मग गेला.

तो थांबला, एवढं लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्या थांबण्यावर आहे.

मी तेव्हा त्या ठाण्यात उपनिरीक्षक होतो. ठाणे अंमलदाराने खबर नोंदवली, मी घटनास्थळाचा पंचनामा केला, काचा गोळा केल्या. दोघी इस्पितळात. थोरलीचा एक डोळा गेला होता. धाकटीला टॉवेलच्या वरचे डोळे तेवढे दिसले होते. चाळीतल्या लोकांचे जबाब घ्यायला बसलो. एक जण म्हणाला झोपलो होतो. दुसरा म्हणाला मीही झोपलो होतो. एका आजीबाईंनी तर आधीच हात जोडले.

"माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे रे बाबा."

आमचे हवालदार मूळचे परळचे, तोंडाने तिखट. म्हणाले, "आजी, काल तुम्ही मला तिसऱ्या मजल्यावरून हाक मारलीत."

"काल ऊन चांगलं होतं."

भ्यालेली चाळ खोटं बोलत नाही. ती त्या वेळी नेमकी झोपलेली असते. मी त्यांना दोष देत नाही. आम्ही पंचनामा करून निघून जातो, त्यांना तिथंच राहायचं असतं.

खबर आली ती पानवाल्याकडून. हवालदार त्याच्याकडे पान खायचे. तो पानाला कात लावता लावता म्हणाला, "एक गिऱ्हाईक आलं होतं त्या दुपारी. पान नको म्हणाला, तंबाखू नको म्हणाला. नुसता चुना दे म्हणाला, भरपूर."

"मग? दिलास?"

"चुन्याला कोण नाही म्हणतो? पण पानाशिवाय चुना कोणी मागतं का हवालदारसाहेब? तिथंच उभा राहून बोटांना फासला. वर मला म्हणतो, कोणाला बोलू नको. आता चुन्याचं काय बोलायचं असतं, म्हणून मला ते डोक्यात राहिलं."

गिरणीत कापड धुवायच्या खात्यात ॲसिड असायचं. अंगावर उडालं की चुना लाव, हे गिरणगावात पोराटोरांना माहीत. पानवाल्याने सांगितलेला माणूस म्हणजे समोरच्या चाळीतला तोच, चाळमालकाने ठेवलेला; त्याला मी संध्याकाळच्या आत उचलून आणलं. उजव्या हाताची तीन बोटं भाजलेली.

"काय झालं बोटांना?"

"तेल उडालं साहेब. भजी तळत होतो."

"कुठे?"

"घरी."

"तुझी बायको म्हणते चार दिवस घरात रॉकेल नाही."

तो हसला. "मग शेजारी तळली असतील. साहेब, बोटं भाजली म्हणून माणूस गुन्हेगार होतो काय? मग सगळे आचारी आत टाका."

पोलीस कोठडी मिळाली. आमच्यातले काही म्हणाले, आत घ्या जरा. मी घेतला नाही. मी साधू नव्हतो, पण मारून जबाब मिळतो, पुरावा मिळत नाही, हे मला तोवर कळलं होतं. आणि मला पुरावा हवा होता. पहिली बाटली फुटली होती. दुसरी तो घेऊन गेला होता. ती कुठे आहे?

कोठडीतल्या माणसाला घरचा डबा देऊ द्यायची आमच्याकडे पद्धत होती. नियम एकच, शिपायासमोर भेटायचं आणि मोठ्याने बोलायचं, कुजबुज नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा धाकटा भाऊ डबा घेऊन आला. तो गणपतीच्या कारखान्यात मूर्तींना माती लावायचा. दोघं मोठ्याने आईच्या दम्याबद्दल बोलले. मी पलीकडे टेबलावर केस डायरी लिहीत होतो. शिपाई डबा तपासायला वाकला, तेव्हा बोलणं थांबलं. मी मान वर केली. आरोपीचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

माझा बाप साचेखात्यातला. तिथं इतके साचे, म्हणजे कापड विणायचे माग, एकदम धडधडत की कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नसे. म्हणून तिथली माणसं आवाजाच्या भानगडीत पडतच नसत, नुसते ओठ हलवून बोलत. मुकादमाला शिव्या, पोरीचं लग्न, गावाकडची भांडणं, सगळं ओठांवर. घरी आल्यावरही सवय जायची नाही. आई चिडलेली असली की बाप तिच्या पाठीमागून आम्हाला ओठांनीच सांगायचा, आज दुसरी भाकरी मागू नका.

त्या माणसाच्या डोक्यात आलंच नाही की टेबलामागचा साहेब गिरणगावातला असेल. साहेब म्हणजे बाहेरून येणार, असा त्याचा हिशेब. तो ओठांनी म्हणाला, "दुसरी शाडूच्या पिंपात. आज काढ."

भाऊ बाहेर पडला तसा मी हवालदारांना त्याच्यामागे धाडलं, कारखान्याच्या दारात उभं राहायला. मग कोठडीच्या गजापाशी गेलो.

"दुसरी बाटली शाडूच्या पिंपात कशाला ठेवलीस? बाप्पाला लागेल की."

त्याचा चेहरा उतरला. "कोणी सांगितलं?"

"तू."

तो उठून गजापाशी आला. मग आवाज न करता, ओठांनी विचारलं, "साचेखात्यातले?"

मीही ओठांनीच म्हणालो, "बाप."

तिथं तो मोडला. पंच बोलावले, पंचांसमोर त्याने निवेदन दिलं, स्वतः पुढे होऊन कारखान्यात नेलं आणि मातीच्या पिंपात हात घालून बाटली काढून दिली. तळाशी ॲसिड होतं. गळ्याला मेण चिकटलेलं. बूच घट्ट बसवून वरून मेण ओतलेलं होतं आणि ते नखांनी खरवडून काढल्याच्या खुणा होत्या. मुद्देमाल सील केला.

सत्र न्यायालयात न्यायाधीशांनी ती बाटली हातात घेऊन बघितली. निकालात त्यांनी लिहिलं त्याचा सारांश असा: आरोपीने पहिल्या बाईला जाळलं. दुसरी मदतीला येताना पाहिली. मेण खरवडलं, बूच काढलं, मग तिला जाळलं. हा एका झटक्यात झालेला गुन्हा नाही. मेण खरवडताना त्याला परत फिरता आलं असतं. म्हणून गुन्हे दोन, आणि शिक्षाही दोन. एकीसाठी सात वर्षं सश्रम कारावास, दुसरीसाठी सात वर्षं, आणि पहिली संपली की दुसरी सुरू.

थोरली कोर्टाच्या जिन्यात मला म्हणाली, "म्हणजे माझी सात, हिची सात?"

"होय."

तिने जावेकडे बघितलं. "तोवर पोर नांदायला जायत."

दोघींना बाकी काही नको होतं. तो समोरच्या गॅलरीत राहणारा माणूस होता आणि चौकातला नळ एकच होता. मुलगी त्या नळावर पाणी भरायला जायच्या वयाची असेपर्यंत तो परत येऊ नये, एवढं एकच मागणं. सत्र न्यायालयाने ते न विचारताच दिलं होतं. न विचारता हे महत्त्वाचं आहे. शिक्षा ठरवण्याआधी कायद्याने आरोपीला विचारतात, तुला काही सांगायचंय का. त्याने सांगितलं: म्हातारी आई, दोन मुलं, गिरणी गेली, पहिलाच गुन्हा. सगळं लिहून घेतलं. दोघींना कोणी विचारलं नाही. विचारायची सोयच नव्हती.

अगदी विचारलंच नाही असं नाही. एकदा विचारलं होतं. उलटतपासणीत. आरोपीचे वकील मृदू आवाजाचे होते.

"बाई, आता तब्येत कशी आहे?"

थोरली साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होती. पदर कपाळापर्यंत ओढलेला. ती म्हणाली, "बरी आहे साहेब."

गिरणगावात कोणालाही विचारा. घरात प्रेत असलं तरी दारात आलेल्या माणसाला बरं आहे म्हणायचं. आपलं दुःख परक्यापुढे मांडणं म्हणजे भीक मागणं. त्यातून समोर काळ्या कोटातला शिकलेला माणूस, सभ्यपणे विचारतोय. दुसरं काय उत्तर देणार? ते उत्तर टंकलेखकाने टाइप केलं: जखमी साक्षीदार सांगते की तिची तब्येत बरी आहे.

पण त्यानंतर तिने शाबूत डोळा बाकावर बसलेल्या धाकटीकडे वळवला आणि तिचे ओठ हलले. वायंडिंग खात्यातही आवाज कमी नसतो. मी बाकाच्या बाजूलाच उभा होतो, मला दिसलं.

"माझ्याकडे बघून लोकांच्या घशाखाली घास उतरणा नाय. ह्यांका काय सांगू?"

धाकटीने ओठांनीच उत्तर दिलं, "गप रव. कोर्टात असला सांगूचा नसता."

मधल्या सुट्टीत मी सरकारी वकिलांना गाठलं. "साहेब, बाई वेगळंच सांगतायत. फेरतपासणीत विचारा."

"काय सांगतायत? मी तर काही ऐकलं नाही."

"आवाज नव्हता. ओठ वाचले मी."

ते पान चघळत हसले. "इन्स्पेक्टर, ओठांना पुरावा म्हणून मी कोणता निशाणी क्रमांक देऊ? आणि दोष सिद्ध करायला त्याची गरज काय? डॉक्टरांनी जखमा सांगितल्यात. खानावळ चालते की बंद पडली, हा मुद्दाच नाही केसमध्ये."

खानावळ बंदच पडली होती. गिऱ्हाईकं वाईट नव्हती. एक बँकेतले गृहस्थ तर येऊन म्हणाले, वहिनी, डॉक्टरांनी तिखट बंद केलंय. मग दुसऱ्यालाही डॉक्टरांनी बंद केलं. धाकटीच्या मानेची कातडी आवळून गेली होती. काळ्या मण्यांनी सालटं निघायची, म्हणून ती मंगळसूत्र मनगटाला गुंडाळायची. यातलं एक अक्षर कुठल्या कागदावर नाही.

मग अपील. आरोपीचं, शिक्षेविरुद्ध. उच्च न्यायालयात नंबर लागला तोवर माझी बदली गिरगावला झाली होती. मी रजा टाकून गेलो. दोघी शेवटच्या बाकावर बसल्या होत्या.

मृदू आवाजाचे तेच वकील. "जागा एक, वेळ एक, राग एक. हा एकच प्रसंग आहे, मग शिक्षा एकापाठोपाठ एक कशाला? शिवाय जखमी बाई स्वतः शपथेवर सांगतात की त्या बऱ्या आहेत. आणि माझा अशील कोण आहे? संपाने उद्ध्वस्त केलेला एक कामगार."

मी खाली बघितलं. संपाने उद्ध्वस्त केलेला कामगार. असली वाक्यं मी पत्रकात लिहिली होती आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता ते वाक्य भाड्याने लागलं होतं. मागच्या बाकावर बसलेल्या दोघीही त्याच संपाने उद्ध्वस्त केल्या होत्या, पण त्यांना वकील नव्हता. त्या फिर्यादी पक्षात मोडत नव्हत्या. फिर्यादी सरकार असतं.

न्यायमूर्ती निर्दयी नव्हते. त्यांनी सरकारी वकिलांना विचारलं, "या स्त्रियांच्या सध्याच्या स्थितीबद्दल नोंदीत काही आहे का?"

हे वकील नवीन होते. पानं उलटत म्हणाले, "वैद्यकीय दाखला आहे. जखमा भरल्याचं लिहिलंय."

मी पुढे वाकलो. "साहेब, बायका इथंच बसल्यात. त्यांनाच विचारा ना."

ते मान न वळवता पुटपुटले, "अपिलात माणसं बोलत नाहीत. कागद बोलतात. त्यासाठी वेगळा अर्ज लागतो, आधी करायला हवा होता."

कागद बोलला. कागद म्हणाला, बरी आहे साहेब. दोष कायम, सात-सात वर्षांच्या शिक्षाही कायम, फक्त दोन्ही एकाच वेळी भोगायच्या. मेणाचा उल्लेख निकालात एका ओळीत आला आणि गेला.

बाहेर व्हरांड्यात मला ते समजावून सांगायला लागलं. थोरली ऐकत होती.

"म्हणजे माझी सात वर्सा. आणि हिची?"

"त्याच सातांत."

धाकटी पहिल्यांदाच माझ्याशी थेट बोलली. ती शांतपणे म्हणाली, "मग माझ्यावर टाकलं ते फुकटच की, साहेब. मी कळशी घेऊन धावलेच नाही असं धरा."

हिशेब तिचा बरोबर होता. दुसऱ्या बाटलीची किंमत शून्य ठरली होती. एक जाळलीच आहे तर दुसरी जाळायला जादा काही पडत नाही, असं त्या दिवशी राज्याने लिहून दिलं. सरकारने पुढे अपील करावं म्हणून मी वरिष्ठांकडे गेलो. ते म्हणाले, "दोषसिद्धी टिकली ना? मग केस यशस्वी." आमच्या दप्तरी ती यशस्वी म्हणूनच आहे.

माफी-सूट धरून तो सात वर्षांच्या बराच आधी सुटला. समोरच्या गॅलरीत येऊन उभा राहिला. कोणाला काही बोलला नाही, काही केलंही नाही. नुसता दात घासत नळाकडे बघत उभा राहायचा. त्यात गुन्हा कुठलाच नाही. महिन्याभरात दोघींनी खोली सोडली आणि वसईच्या पुढे कुठेतरी गेल्या. चाळमालकाला खोली मिळाली. ॲसिडने जे काम अर्धं राहिलं होतं, ते कायद्याने पुरं केलं. चाळमालकावर तर पुराव्याअभावी आरोपपत्रही ठेवता आलं नव्हतं.

आता लोक मला सांगतात, कायदा बदलला, पीडिताला अपील करता येतं. येतं. आरोपी सुटला तर येतं, भरपाई कमी मिळाली तर येतं. शिक्षा कमी वाटली म्हणून आजही येत नाही. त्यासाठी सरकारच्या मर्जीची वाट बघायची. कोणी म्हणेल, बायकांच्या अश्रूंवर शिक्षा ठरवायची का? नका ठरवू. पण आरोपीच्या आईच्या दम्यावर ठरवता, तेव्हा निदान दुसऱ्या बाजूला तोंड उघडायला सांगा. एकदा उत्तर 'बरं आहे' असं आलं तर दुसऱ्यांदा विचारा, आणि विचारणारा असा असू द्या की जो त्या घरात पाणी प्यायलाय. या केसने मला शिकवलं ते एवढंच. पोलीस गुन्हा कोणी केला ते शोधतो, कोर्ट गुन्हा कोणता ते ठरवतं. त्या गुन्ह्याने कोणाचं काय केलं, हे शोधायची जबाबदारी कोणाचीच नाही.

निवृत्तीनंतर एकदा दादरच्या मंडईत थोरली दिसली. गवार निवडत होती. पदर तसाच कपाळापर्यंत. चहूकडे भाजीवाल्यांचा आरडाओरडा.

"कशा आहात?"

"बरी आहे साहेब."

मी आवाज न करता, ओठांनी म्हणालो, "खरं सांगा."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. शाबूत डोळ्याने तिने मला नीट बघून घेतलं. मग तिचे ओठ हलायला लागले. धाकटी आरशासमोर बसत नाही. मुलीला बघायला आलेले दोघीजणींना बघून चहा न घेता उठले, म्हणून मग दुसरे आले तेव्हा दोघी शेजारणीकडे जाऊन बसल्या. मुलीचं लग्न झालं, त्यांनी ते मागच्या रांगेतून बघितलं. कळशीचा आवाज आला की अजून धाकटी मानेवर हात ठेवते.

आजूबाजूच्या गर्दीत कोणालाच काही ऐकू आलं नाही. तिने गवार तोलायला दिली, पिशवी उचलली आणि मोठ्याने म्हणाली, "येते साहेब."

पावशेर गवार निवडायला लागतो तेवढ्या वेळात तिचं सगळं सांगून झालं होतं.